अध्यक्षपद घेण्याआधी प्रोसिडिंग बुक मागा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी तो थोडक्यात मांडतो. तुम्ही कळंब तालुक्यातल्या एका संस्थेत नऊ वर्षांपासून समन्वयक आहात. बचत गट, ऊसतोड कामगारांच्या मुलांचं वसतिगृह आणि थोडंफार पाणलोटाचं काम. संस्थापक काका ७४ वर्षांचे. संस्था नोंदवली तेव्हापासून, म्हणजे २७ वर्षं, अध्यक्ष तेच. कार्यकारिणीत नऊ नावं. त्यातले दोघे वारले, एक पुण्याला मुलाकडे राहायला गेले, एक काकू, एक जावई. बैठक वर्षातून एकदा, तीही चहापुरती. इतिवृत्त अकाउंटंट घरी बसून लिहितो आणि शिपाई मोटारसायकलवर फिरून सह्या आणतो. आणि आता काका म्हणतात, "पोरी, मी थकलो. अध्यक्ष आता तूच हो." तुमचे प्रश्न दोन: होऊ का? आणि झाले तर चांगले सदस्य आणायचे कुठून?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तोच जास्त फसवा आहे. मी केज आणि अंबाजोगाईच्या मधल्या गावांत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत अकरा वर्षं सचिव होतो. आता दहा-बारा संस्थांचे कागद बघून देतो. वकील नाही, सीए नाही. खाल्लेल्या ठेचांवर बोलतो. आमच्या संस्थेत आम्ही एकदा एका दमात चार नवी माणसं घेतली. ग्रामीण बँकेतून निवृत्त झालेले एक शाखाधिकारी, एक डॉक्टरबाई, परभणीच्या कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक आणि एक वकील. दीड वर्षात चौघंही सह्याजीराव झाले. माणसं वाईट नव्हती. बँकवाले साहेब पहिल्या दोन बैठकांना वही घेऊन आले, प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच: "ते झालंय साहेब, अण्णांनी बघितलंय." (अण्णा म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख.) तिसऱ्या बैठकीला साहेब वही न घेता आले. चौथीला फोन आला, "नातवाचा वाढदिवस आहे, रजिस्टर घरी पाठवून द्या, सही करतो."

म्हणून सांगतो, माणसं मिळतात. अडचण अशी असते की आणलेल्या माणसाला ठरवायला काही शिल्लकच ठेवलेलं नसतं. सगळं आधी ठरलेलं असतं आणि बैठक फक्त त्यावर शिक्का मारायला असते. तुमच्या संस्थेत नवीन नऊ जण आणले तरी हेच होईल, आणि तुम्ही अध्यक्ष झालात तर काकांच्या जागी तुम्ही सगळं आधी ठरवाल. चांगल्या हेतूनेच ठरवाल. तो मला खरा धोका वाटतो.

काकांवर मात्र रागावू नका. आपल्याकडच्या या संस्था कशा उभ्या राहिल्या ते बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात पुनर्वसनाचं काम करता करता कितीतरी तरुण कायमचे कार्यकर्ते झाले. पुढे त्यांतल्या अनेकांनी स्वतःच्या संस्था काढल्या. नोंदणीला सात जण लागतात म्हणून सात नावं भरली: मित्र, बायको, शाळेतले गुरुजी. त्या वेळी संस्थेकडे एक सायकल आणि एक पेटी होती, तिला कार्यकारिणी कशाला हवी? मग दुष्काळ आले. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि गाळ काढायला, नाला खोलीकरणाला शहरातून पैसा आला. त्याच सुमारास कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, सुरू झाला. संस्थेची उलाढाल लाखावरून कोटीवर गेली आणि वर नावं मात्र तीच सात-नऊ राहिली. काकांनी कुणाची सत्ता बळकावलेली नाही. त्यांच्या भोवती संस्था वाढली, कार्यकारिणी वाढायची राहून गेली.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. मी तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं या एका गोष्टीनं बदलू शकतं: संस्था नोंदली कशी आहे? महाराष्ट्रात बहुतेक सामाजिक संस्था दुहेरी नोंदलेल्या असतात, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, म्हणजे आपण ज्याला 'एफ नंबर' म्हणतो तो. तशी असेल तर सर्वसाधारण सभा कार्यकारिणी निवडते, मुदत संस्थेच्या घटनेत लिहिलेली असते, आणि काकांना "तू हो" असं म्हणायचा अधिकारच नाही, सभेला आहे. नुसता ट्रस्ट असेल तर न्यासपत्रात बघावं लागेल, कारण तिथे काही विश्वस्त तहहयातही असू शकतात आणि नवा विश्वस्त कोणी नेमायचा तेही तिथंच लिहिलेलं असतं. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी असेल तर मामला पूर्ण वेगळा, ते कंपनी सेक्रेटरीला विचारा. अनुदानित शाळा असेल तर त्याबद्दल मी तोंडच उघडत नाही.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून दुहेरी नोंदणीच वाटते. तसं धरून पुढे लिहितो.

पहिलं काम म्हणजे जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे पी.टी.आर.चा (सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा), ताजा उतारा काढा. त्यावर जी नावं आहेत तीच बँकेला, आयकर खात्याला आणि देणगीदाराला दिसतात. लेटरहेडवर काय छापलंय त्याला कोणी विचारत नाही. माझा अंदाज सांगू? त्या उताऱ्यावर वारलेले दोघेही अजून जिवंत असतील. कदाचित २०१० सालचीच कार्यकारिणी असेल.

विश्वस्तांमध्ये काहीही बदल झाला, कोणी वारला, कोणी राजीनामा दिला, नवी निवडणूक झाली, की १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. उशीर झाला असेल तर कारण देऊन उशीरमाफी मागता येते, पण ती मागावी लागते. आणि मधल्या तीन मुदतींचे अर्ज दिलेलेच नसतील तर आज एकदम तुमचं नाव लागत नाही. आधीचे बदल क्रमानं लावत यावं लागतं: मृत्यूचे दाखले, सभांच्या नोटिसा, त्या पोचल्याचा पुरावा, ठराव, नव्यांची संमतीपत्रं, जाणाऱ्यांची ना हरकत. याला महिने जातात. कुणी हरकत घेतली तर वर्षं जातात.

आमचं काय झालं ते सांगतो. आमचे कोषाध्यक्ष अचानक गेले. बँकेत सही त्यांची आणि अण्णांची, दोन्ही लागायच्या. बँकेनं नव्या कोषाध्यक्षाचं नाव लावायला उतारा मागितला. उताऱ्यावर कोषाध्यक्ष म्हणून त्यांच्याही आधीचे गृहस्थ होते, ते तर गाव सोडूनच गेलेले. चार महिने पगार अडकले. खात्यात पैसे दिसत होते आणि वसतिगृहाचा किराणा उधारीवर चालला होता. त्या दिवसांत मी बदल अर्ज म्हणजे काय ते शिकलो. त्याआधी तो मला वकिलाचा धंदा वाटायचा.

म्हणून शीर्षकात म्हटलं तसं: 'हो' म्हणण्याआधी काकांकडून प्रोसिडिंग बुक, म्हणजे इतिवृत्ताची वही, मागून घ्या आणि गेल्या पाच वर्षांची पानं स्वतः वाचा. प्रत्येक सभा "चर्चेअंती सर्वानुमते मंजूर" आणि "आभार मानून सभा संपली" एवढीच असेल तर तुम्हाला कळेल की उद्या तुमच्या सहीनं काय काय वैध ठरणार आहे. सोबत ऑडिट रिपोर्टही मागा. नुसता ताळेबंद बघू नका. या कायद्याखाली ऑडिटरला एक प्रश्नांची यादी भरून द्यावी लागते, ती बहुतेक विश्वस्तांनी कधी पाहिलेली नसते. त्यात विचारलेलं असतं: विश्वस्तांची कमीत कमी आणि जास्तीत जास्त संख्या राखली आहे का? सभा नियमानं होतात का? इतिवृत्ताची वही ठेवली आहे का? कोणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? आपले सीए भल्या मनानं सगळीकडे 'होय, होय, होय, नाही' लिहून मोकळे होतात. तुम्ही अध्यक्ष झालात की ती उत्तरं तुमची.

कायदा विश्वस्ताकडून काय अपेक्षा करतो हे कलम ३६-अ (इंग्रजीत 36A) मध्ये सोप्या शब्दांत आहे: सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेईल तेवढी. घरी कुणी आपल्या नावानं ठराव लिहून आपल्याच सहीला आणला तर आपण न वाचता सही करू का? नाही. बस, तेवढंच. "मला काय माहीत, मी तर नावाला होतो" हे तिथे चालत नाही.

आता मूळ मुद्दा, कार्यकारिणी जागी कशी होते. आमची एका जीपमुळे जागी झाली.

वर सांगितलेल्या चार मोठ्या माणसांच्या नंतर आम्ही बचत गटांच्या संघातून एका बाईंना घेतलं. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. शिक्षण चौथी, पण गटाची पासबुकं बारा वर्षं सांभाळलेली. ऑगस्टमधली बैठक होती, वसतिगृहाच्या मधल्या खोलीत, सतरंजीवर. सीएंनी पाठवलेला हिशेब मी वाचत होतो आणि सगळे चिवडा खात माना डोलवत होते. मी वाचलं, "वाहन हप्ता, एक लाख बत्तीस हजार." मावशींनी ताटली खाली ठेवली. "सर, थांबा जरा. जीपचा हप्ता आपण भरतो ना? मग जीपचे कागद कुणाच्या नावावर हायेत?"

मला माहीत होतं. अण्णांच्या नावावर होते. यात अण्णांनी काही खाल्लं नव्हतं. संस्थेच्या नावानं कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. तो अर्ज, ती सुनावणी, त्यात वर्ष जाईल म्हणून अण्णांनी स्वतःच्या नावानं कर्ज घेतलं आणि हप्ता संस्था भरत राहिली. आम्हाला ते सोयीचं वाटलं होतं. कार्यकारिणीसमोर ते कधी आलंच नव्हतं, कारण विचारणारं कोणी नव्हतं. मी अण्णांकडे बघितलं, अण्णा चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत होते. शेवटी बँकवाले साहेब बोलले, कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा: "मावशी बरोबर विचारतायत. उद्या अण्णांना काही झालं तर गाडी वारसांची. आणि कागदावर बघितलं तर आपण एका विश्वस्ताचं खाजगी कर्ज फेडतोय."

अण्णा तीन आठवडे ऑफिसला आले नाहीत. गावात बोलायला लागले, "ज्यांना मी मोठं केलं त्यांनी मला चोर ठरवलं." मी दोनदा घरी गेलो, अण्णांच्या पत्नीनं चहा दिला, ते बाहेर आले नाहीत. चौथ्या आठवड्यात स्वतः आले आणि म्हणाले, "पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या." त्या बैठकीत खरी चर्चा झाली. दोन तास. संस्थेकडे देणगीतून आलेले थोडे मोकळे पैसे होते, त्यातून उरलेलं कर्ज फेडायचं, आरटीओत गाडी संस्थेच्या नावावर करायची आणि आजपर्यंतचा सगळा व्यवहार जसा झाला तसा इतिवृत्तात लिहायचा, असं ठरलं. एक जण विरोधात होता. त्याचा विरोध नावासकट लिहिला. आमच्या वहीतला तो पहिला ठराव, ज्यापुढे 'सर्वानुमते' नव्हतं.

त्यानंतर बदललं ते असं: अण्णा काही ठरवण्याआधी मला विचारू लागले, "यावर मावशी काय म्हणतील?" माझ्या मते कार्यकारिणी झाली ती त्या दिवशी. नवी नावं घेतली तेव्हा झाली नव्हती.

तुमच्याकडे जीप नसेल, दुसरं काही असेल. असतंच. बऱ्याच ठिकाणी जमीन असते. काकांनी किंवा गावातल्या कुणी वसतिगृहासाठी दिलेली, तोंडी, बक्षीसपत्र न करता. किंवा उलट, संस्थेच्या नावावरची जागा कुणाला वर्षानुवर्षं भाड्यानं दिलेली. तिथे कलम ३६ लक्षात ठेवा: संस्थेची स्थावर मालमत्ता विकायला, बदलून द्यायला, बक्षीस द्यायला, किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्यानं द्यायला आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ठराव केला म्हणून ते वैध होत नाही.

काहीही असो, पहिल्याच बैठकीत ते उकरू नका. आधी बैठकीला पैशाचं बोलायची सवय लावा. त्यासाठी माझ्याकडे एकच हत्यार आहे, एक पानाचा कागद. ऑडिट रिपोर्ट कोणी वाचत नाही, आणि तो येतो तोवर वर्ष संपून सहा महिने झालेले असतात. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी अकाउंटंटकडून हे काढून घ्या: बँकेत किती आहेत, त्यातले कुठल्या प्रकल्पाचे बांधलेले किती, मोकळे किती, महिन्याचे पगार किती, आणि मोकळ्या पैशात किती महिने निघतील.

उदाहरण देतो. एका संस्थेत मी हा कागद पहिल्यांदा काढून दिला. बँकेत १८ लाख. सगळे खूश. त्यातले साडेपंधरा लाख दोन प्रकल्पांचे, ठरलेल्या कामालाच वापरायचे. मोकळे अडीच लाख. पगार महिन्याला १ लाख ४० हजार. म्हणजे दोन महिनेसुद्धा नाहीत. खोलीतला सूर बदलला. मग आणखी एक गोष्ट बाहेर आली, जी आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक संस्थेत होते आणि कोणी बोलत नाही: एका प्रकल्पाचा हप्ता उशिरा आला म्हणून दुसऱ्याचे पैसे पगाराला फिरवलेले. परत भरायच्या बोलीवर. हे फिरवणं कार्यकारिणीला माहीत असायला हवं, बैठकीआधी आणि लेखी. अकाउंटंट आणि अध्यक्षांच्या कानगोष्टीत ते राहिलं की एक दिवस खर्चाचा अहवाल मागणाऱ्यासमोर तुम्ही एकट्या उभ्या असता.

मग ठरवायच्या गोष्टी कार्यकारिणीकडे द्या, खऱ्याखुऱ्या. माझ्या मते पहिल्या वर्षी दोन पुरेत. एक, पगार: कुणाला किती, वाढ कशावर. दुसरी, कुठला प्रकल्प घ्यायचा नाही. एका कंपनीनं आम्हाला ६० किलोमीटर लांबच्या शाळांत टॅब वाटायला सांगितलं होतं. पैसा चांगला होता, अण्णांना घ्यायचं होतं, मलाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आपल्या वसतिगृहातल्या पोरींचं हिमोग्लोबिन तपासायला आपल्याला माणूस नाही आणि आपण टॅब वाटायला जाणार?" मतदान झालं, आम्ही हरलो. पुढचं वर्ष ओढगस्तीत गेलं, हेही खरं. निर्णय चूक होता की बरोबर ते मला आजही नक्की सांगता येत नाही. पण त्या वर्षी बैठकीला गणपूर्तीची अडचण एकदाही आली नाही.

आता तुमचा "कुठून आणू". निवृत्त शिक्षक पटकन मिळतात आणि वेळ देतात, पण तीनपेक्षा जास्त नकोत. बैठकीची शाळा होते. पैशाची समज असलेला एक माणूस हवाच. ज्यांच्यासाठी काम करता त्यांच्यातले किमान दोन घ्या, आणि इथे मराठवाड्यातली एक गोम लक्षात ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली बाई तुम्ही घेतलीत आणि बैठका डिसेंबर-जानेवारीत ठेवल्यात, तर ती सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर असणार. दसरा-दिवाळीला टोळ्या जातात, परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. वार्षिक सभा मे-जून किंवा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठेवा. नोटीस पोस्टानं पाठवून भागणार नाही, वाचून दाखवायला माणूस पाठवा. आणि येण्याजाण्याचं भाडं, बुडालेली मजुरी द्या. ठराव करून द्या, म्हणजे उपकार वाटत नाही. माजी जिल्हा परिषद सदस्य वगैरे लोक स्वतःहून येतील. आमच्याकडे एक होते, फार कामाचे निघाले. तरीही निवडणूक लढवायची इच्छा असलेल्या माणसाला मी घेणार नाही. पाणीटंचाईत आपले टँकर कुठल्या गावाला गेले याचा हिशेब मग वेगळाच होतो.

काकू आणि जावई यांचं काय? नातेवाईक असणं हा गुन्हा नाही. पण दोघं किंवा तिघं एका घरातले असले आणि त्यातल्या कुणाला संस्थेकडून पैसे जात असतील, जागेचं भाडं, गाडीचं भाडं, पगार, तर आयकर कायदा विश्वस्त आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेला मोबदला वाजवी आहे का ते बघतो. वाजवीपेक्षा जास्त दिसला तर संस्थेची करसवलत अडचणीत येते. त्या विषयाच्या वेळी त्या माणसानं खोलीबाहेर जायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं, एवढी एक प्रथा पाडा. जावईबापूंना उठून बाहेर जायला सांगणं अवघड आहे, ठाऊक आहे. नियम आधी करा, माणूस नंतर येऊ द्या.

आता तुमचा पहिला प्रश्न: होऊ का? माझं मत, आत्ता नाही. निदान असं नाही. तुम्ही संस्थेकडून मानधन घेता. तुम्ही अध्यक्ष झालात तर तुमचा पगार ठरवणाऱ्या खुर्चीवर तुम्हीच बसणार आणि तुमच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्याही तुम्हीच. विश्वस्तानं मानधन घ्यावं की नाही हे घटनेवर अवलंबून आहे, काही घटनांत चालतं, काहींत स्पष्ट मनाई असते. पण चालत असलं तरी प्रत्येक देणगीदार तिथे बोट ठेवेल. आणि मानधन सोडायला तयार असाल, तर नऊ वर्षं जे काम उत्तम केलंत ते करणार कोण?

मी असं सुचवेन: तुम्ही कार्यकारी संचालक व्हा, नेमणूकपत्र घेऊन, कार्यकारिणीच्या ठरावानं. प्रत्येक बैठकीला हजर राहा, अहवाल द्या, मत नसलं तरी चालेल. अध्यक्ष दुसरं कोणी असू द्या, ज्याला तुम्ही उत्तर द्याल आणि जो तुम्हाला हटवू शकेल. हे वाचायला बरं वाटणार नाही. पण काकांना हटवू शकणारं कोणी नव्हतं, म्हणून तर आज तुम्ही हा प्रश्न विचारताय.

काकांना हे सांगायचं कसं? "नियमात बसत नाही" असं सांगू नका, त्यांना तो अपमान वाटेल. बँकेचं उदाहरण द्या: "काका, उद्या तुमची तब्येत बिघडली तर पोरांचा किराणा कोणाच्या सहीनं येईल?" हे त्यांना लगेच समजतं. आणि एक परीक्षा आहे, काका खरंच सोडतायत का ते कळण्याची. चेकबुक. पुण्याला तपासणीला जाताना सह्या करून ठेवलेले कोरे चेक कपाटात असतात ना? ते फाडून सही बदलायला काका तयार झाले, तर ते खरंच थकलेत. "अध्यक्ष तू, पण चेकवर सही माझीच राहू दे" म्हणाले, तर तुम्हाला अध्यक्ष नाही, दुसरी शिपाई केलंय. मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव लेटरहेडवर राहू द्या, कार्यक्रमात नारळ त्यांच्याच हातानं फुटू द्या. मत आणि सही मात्र नको.

काका किंवा घरचे अडून बसले तर धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१-अ (41A) खाली निर्देश मागता येतात, आणि फार गैरप्रकार असेल तर ४१-ड (41D) खाली विश्वस्ताला दूर करण्याचा मार्ग आहे. मी तो सुचवत नाही. दोन गटांनी एकमेकांविरुद्ध बदल अर्ज देऊन बसलेल्या संस्था आपल्याकडे तालुक्याला एक तरी सापडेल; तिथे फायली चालतात, वसतिगृह चालत नाही.

क्रम असा धरा: उतारा, घटना, पाच वर्षांचं प्रोसिडिंग, ऑडिटची यादी. मग राहिलेले बदल अर्ज. ते चालू असतानाच तिमाही बैठक आणि एक पानाचा कागद. नवी माणसं त्यानंतर, एका वेळी दोन. परदेशी निधीची एफसीआरए नोंदणी असेल तर पदाधिकारी बदलल्याचं केंद्राच्या गृह मंत्रालयालाही वेगळं कळवावं लागतं, ते विसरू नका. या सगळ्याला दीड-दोन वर्षं लागतील. काकांची तब्येत तेवढी साथ देईल का ते तुम्हालाच माहीत. देणार नसेल तर चेकवरच्या सहीचं काम सगळ्यांत आधी घ्या.

उतारा मिळायला अर्ज आणि थोडी फी लागते. अर्जात संस्थेचा एफ नंबर नीट लिहा, नाहीतर फाईल सापडत नाही म्हणून परत पाठवतात. हातात आला की त्यावर कुणाची नावं आहेत आणि शेवटचा बदल कुठल्या सालचा आहे तेवढं कळवा. लोकांची खाजगी माहिती इथे टाकू नका, फक्त साल आणि संख्या. मग कुठल्या मुदतीपासून अर्ज लावायचे ते बोलू.